पाण्यावर उतरणारें विमान कां उलटतें?



जुहूचा विमानतळ आम्हां उपनगरवासीयांस नवा नाहीं. अंधेरी-पार्ल्याकडे राहणाऱ्या मंडळींच्या डोक्यावरून तेथील हेलिकॉप्टरें दिवसभर घोंघावत असतात. १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन आपल्या चिमुकल्या विमानांतून ह्याच जुहूच्या मैदानावर उतरले, ही हकीगत आम्ही मास्तर लोक मुलांना दरवर्षीं सांगत आलों. परंतु ह्याच जुहूवरून २०१४ च्या ऑगस्ट महिन्यांत एका निराळ्या जातीच्या विमानाची सेवा सुरू झाली होती, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत राहिली असेल. मेरिटाइम एनर्जी हेली एअर सर्व्हिसेस ह्या कंपनीनें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्यानें ती चालविली होती. जुहूच्या धांवपट्टीवरून तें विमान चाकांवर धांवत उडे, घाट ओलांडी, आणि जेमतेम अर्ध्या तासांत लोणावळ्यापलीकडे पवनेच्या जलाशयांत, तुंग आणि तिकोना ह्या किल्ल्यांच्या सावलींत, बदकासारखें पाण्यावर बसे.

ती सेवा फार दिवस टिकली नाहीं. अंदमान बेटांत २०११ सालापासून कांहीं काळ चाललेली ‘जल हंस’ ही सेवाहि बंद पडली. पुढें २०१७ सालच्या ९ डिसेंबरला गिरगांव चौपाटीसमोर भर समुद्रांत ‘कोडियाक’ नांवाचें तसलेंच विमान उतरवून दाखविण्यांत आलें. २०२० सालच्या ३१ ऑक्टोबरला अहमदाबादच्या साबरमती नदीवरून केवडियास जाणारी सेवा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षीं थांबली. तरीहि ही कल्पना मेलेली नाहीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत आंध्रांत विजयवाड्याहून श्रीशैलमपर्यंत व केरळांत इडुक्की जिल्ह्यांतील मट्टुपेट्टीच्या जलाशयांत पुन्हां अशीं प्रात्यक्षिकें झालीं. तेव्हां आज माझें बोलणें ऐकणाऱ्यांपैकीं कोणी ना कोणी केव्हां तरी अशा विमानांत बसणार, हें धरून चालण्यास हरकत नाहीं. म्हणूनच मला आज बोलावयाचें आहे तें अशीं विमानें पाण्यावर उतरतांना जे अपघात होतात त्यांविषयीं. मी वैमानिक नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी केलेला मनुष्य. वाचून, विचारून आणि थोडेंसें स्वतः पाहून जें समजलें, तेवढेंच सांगतों.

प्रथम जाति सांगून टाकूं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांपैकीं कांहींचें धडच नावेसारखें असतें; त्यांना उडतीं जहाजें म्हणत. कांहींच्या पोटाखालीं दोन लांबट पोकळ होड्या बसविलेल्या असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. आणि ह्या दोन्ही प्रकारांत ज्यांना आंत-बाहेर होणारीं चाकें असतात, म्हणजे जीं जमिनीवरहि उतरूं शकतात, तीं जलस्थलचर. ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्यें आंरी फाब्र ह्यानें १९१० सालीं पहिलें विमान पाण्यावरून उडविलें, आणि १९११ मध्यें अमेरिकेंत ग्लेन कर्टिस ह्यानें त्याला चाकेंहि जोडलीं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं इंपीरियल एअरवेजचीं मोठीं उडतीं जहाजें कराची, राजसमंद, आपल्या शिंदे सरकारांचें ग्वाल्हेर, अलाहाबाद आणि कलकत्ता असे मुक्काम घेत पूर्वेकडे जात. त्यांपैकीं ‘सेंच्युरियन’ नांवाचें जहाज १९३९ च्या १२ जूनला कलकत्त्यास हुगळी नदीवर उतरतांना अपघात होऊन बुडालें. पण त्या जहाजांना चाकें नव्हतीं, म्हणून चाकांपायीं घडणारा अपघात त्यांच्या वांट्याला आला नाहीं. तो जलस्थलचरांचाच खास अपघात होय.

पाणी मऊ आहे हा आपला एक समज. ज्यानें लहानपणीं गांवच्या विहिरींत उड्या मारल्या असतील, त्याला निराळें सांगावयास नको. सूर नीट बसला तर पाणी लोण्यासारखें दुभंगतें. पण तोच सूर चुकून मनुष्य पोटावर पडला, तर त्याच पाण्याची थप्पड अशी बसते कीं छाती-पोट लाल होऊन घटकाभर श्वास सांपडत नाहीं. पाणी हवेच्या सुमारें आठशें पट जड आहे. वेग दुप्पट झाला कीं त्याचा विरोध चौपट होतो. लहान जलविमान पाण्याला टेकतें तें ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें. त्या वेगाला पाणी हें पाणी राहत नाहीं. तें जवळजवळ एक जमीनच होतें, मात्र अशी जमीन कीं जींत एकादी वस्तु रुतली तर ती सुटत नाहीं.

आतां जुहू-पवनेचाच प्रवास डोळ्यांपुढें आणा. विमान जुहूहून निघालें तें चाकांवर. हवेंत चढल्यावर वैमानिकानें चाकें फ्लोटांच्या आंत ओढून घेतलीं पाहिजेत. तीं तशींच खालीं राहिलीं आणि विमान पवनेच्या पाण्याला टेकलें, तर काय होईल? फ्लोटांचा गुळगुळीत तळ पाण्यावर घसरावयाचा, त्याऐवजीं चार चाकें आधीं पाण्यांत घुसतात. पाणी त्यांना धरून ठेवतें. वरचें सगळें वजन मात्र पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतें. धांवत्या मनुष्याचा पाय दगडाला अडखळला म्हणजे तो जसा तोंडावर आपटतो, तसेंच हें. फ्लोटांचीं नाकें पाण्यांत जातात, शेपूट वर उठते, आणि एक-दोन सेकंदांच्या आंत विमान पाठीवर पडतें. ह्यांत बहुधा वैमानिकाला कांहीं करावयास अवसरच उरत नाहीं.

ह्याचें एक गाजलेलें उदाहरण १९३५ सालचें आहे. ब्रिटिश आरमाराजवळ ‘वॉलरस’ नांवाचें लहान जलस्थलचर विमान होतें. त्याचा रचनाकार आर. जे. मिचेल, म्हणजे पुढें ‘स्पिटफायर’ काढणारा तोच गृहस्थ. ‘नेल्सन’ ह्या युद्धनौकेचें वॉलरस सगळ्या आरमाराच्या डोळ्यांदेखत पाण्यावर उतरूं लागलें, तें चाकें खालीं ठेवूनच! आणि आंत बसले होते स्वतः त्या आरमाराचे सरसेनापति, ॲडमिरल सर रॉजर बॅकहाउस. विमान टेकतांच उलटलें. दैव बलवत्तर म्हणून कोणास फारशी इजा झाली नाहीं. विमानहि दुरुस्त होऊन पुन्हां कामास लागलें. आणि थोड्याच दिवसांत वॉलरसच्या वैमानिकापुढें, चाकें वर आहेत कीं खालीं हें दाखविणारी खूण बसविण्यांत आली. सरसेनापतींना पाण्यांत बुचकळल्यावर सुधारणा किती लौकर होतात, हें कोणत्याहि कचेरींत काम केलेल्या मनुष्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पण इतका अनुभवी मनुष्य इतकी साधी गोष्ट विसरतो कसा? शाळेंत चाळीस वर्षें मुलांच्या चुका पाहिल्यामुळें मला ह्या प्रश्नाचें विशेष कुतूहल वाटतें. माझा समज असा झाला आहे कीं ही चूक अज्ञानाची नसून संवयीची आहे. जमिनीवर विमान चालविणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच धडा घोकवून घेतलेला असतो: उतरण्यापूर्वीं चाकें खालीं कर. हजारों वेळां तो हें करतो. मग एके दिवशीं त्याला पाण्यावर उतरावयाचें असतें, मन दुसऱ्या कशांत तरी, वाऱ्यांत किंवा एकाद्या आडव्या आलेल्या होडींत, गुंतलेलें असतें, आणि हात आपल्या संवयीनें तेंच जुनें काम करून मोकळा होतो. दुसरी तऱ्हा अशी कीं प्रवास लहान असतो, धांवपट्टीवरून उडाल्यावर चाकें वर घेण्याचेंच राहून जातें, आणि पुढें तपासणी होते ती नुसती ओठांनीं.

ह्यांत एक विलक्षण गंमत आहे. उलट चूक झाली, म्हणजे चाकें न काढतां विमान धांवपट्टीवर उतरलें, तर फ्लोटांचे तळ घासतात, ठिणग्या उडतात, खर्च येतो. पण माणसें बहुधा चालत बाहेर येतात. दोन्ही चुका विसरण्याच्याच, परंतु एकीला दंड पैशाचा आणि दुसरीला प्राणांचा. म्हणून हल्लींच्या पुष्कळ जलस्थलचरांत चाकें खालीं असलीं कीं हिरवा दिवा आणि वर असलीं कीं निळा दिवा लागतो. हिरवा जमिनीचा, निळा पाण्याचा. कांहींत तर वेग कमी होतांच यंत्रच मोठ्यानें बोलून सांगतें कीं चाकें वर आहेत, पाण्यावर उतरा. कांहीं वैमानिक पंखाखालीं आरसा लावून घेतात व आपल्या डोळ्यांनीं चाकें पाहतात. मला स्वतःला ही आरशाची तऱ्हा सर्वांत पटते.

चाकें वर आहेत, वारा बेताचा आहे, आणि पाणी आरशासारखें निवळ व स्थिर आहे. आपण म्हणाल, उतरण्यास ह्याहून चांगली वेळ कोणती? वस्तुतः वैमानिक अशा पाण्याला फार भितो. मी पूर्वीं वर्गांतील मुलांना थंडीच्या दिवसांत भल्या सकाळीं पवईच्या तलावावर नेत असें. वाऱ्याची झुळूक नसली म्हणजे तेथें पाण्याचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसतच नाहीं. दिसतें तें वरचें आकाश व पलीकडची टेकडी, दोन्ही उलटीं. कांठावर उभे राहूनहि पाणी नेमकें कोठें सुरू होतें हें कळेना, मग वरून येणाऱ्याची काय कथा? उंची ओळखावयास डोळ्याला कांहीं तरी आधार लागतो. लाट, गवत, दगड. तो नसला कीं एक वैमानिक पाणी आलें असें समजून वीस फूट वरच विमान सांवरूं लागतो, वेग संपतो, आणि विमान दगडासारखें खालीं पडतें. दुसऱ्याला पाणी अजून दूर आहे असें वाटतें व तो सरळ पाण्यांत शिरतो.

ह्यावर उपाय असा ठरला आहे कीं डोळ्यांवर विश्वास ठेवावयाचाच नाहीं. कांठाच्या जवळून यावें, म्हणजे झाडांवरून उंची समजते. मग नाक किंचित् वर धरून, यंत्राची थोडी शक्ति चालू ठेवून, मिनिटाला सुमारें दीडशें फूट इतक्या मंद गतीनें खालीं येत राहावें, आणि पाणी आपण होऊन फ्लोटांना लागेपर्यंत कांहींएक बदल करूं नये. आतां थोडें गणित करा. शंभर फूट उंचीवरून असें उतरावयास चाळीस सेकंद लागतात. ताशीं एकशें दहा किलोमीटर वेगानें तेवढ्या वेळांत विमान सव्वा किलोमीटर पुढें जातें. म्हणजे निवळ पाण्यावर उतरावयास तलाव लांब पाहिजे. धीर तर त्याहून लांब पाहिजे. जवळपास मोटारबोट असली तर वैमानिक तिला एक फेरी मारावयास लावतो; तिच्या लाटांनीं पाण्याला सुरकुत्या पडल्या कीं आरसा मोडला आणि पाणी दिसूं लागलें.

फ्लोटाचा तळ आपण पाहिलात तर मध्यावर एक पायरी कापलेली दिसेल. ती कशासाठीं, हें घरच्या नळावर कळेल. चमच्याची फुगीर बाजू धारेला हळूच लावा. चमचा दूर लोटला न जातां धारेकडे ओढला जातो. गोल पृष्ठाला पाणी असें चिकटतें. वेगानें जाणारा फ्लोट पाण्यानें धरून ठेवूं नये म्हणून पायरीपाशीं त्याची पकड तोडलेली असते, आणि विमान त्या पायरीवरच्या थोड्याशा भागावर तोललें जाऊन धांवतें. हा तोल नाजूक आहे. नाक अधिक खालीं गेलें तर फ्लोटाचें टोंक पाणी खणूं लागतें. अधिक वर गेलें तर विमान पाण्यावरून उसळतें. मग समुद्रांतल्या डॉल्फिनासारखें वर-खालीं, वर-खालीं सुरू होतें. नवशिका वैमानिक प्रत्येक हेलकाव्यामागून दांडा पुढें-मागें करतो, पण त्याचा हात नेहमीं अर्धा क्षण उशिरा पोंचतो, आणि प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होतो. अशा वेळीं शक्ति काढून घेऊन दांडा मागें धरावा आणि विमान बसूं द्यावें, किंवा शक्ति असल्यास सरळ पुन्हां उडून जावें.

वजनाची मांडणी चुकली तरीहि हाच तोल जातो. अमेरिकेंतील कोट्यधीश वैमानिक हॉवर्ड ह्यूज ह्यानें १९४३ च्या मे महिन्यांत आपलें सिकॉर्स्की एस-४३ हें जलस्थलचर विमान नेव्हाडाच्या सीमेवरील लेक मीड ह्या सरोवरावर उतरविलें. विमानांतील वजन नाकाकडे झुकलेलें होतें. पाण्याला टेकतांच तें वळलें, मोडलें आणि बुडालें. दोघे ठार झाले, ह्यूजच्या डोक्याला जखम झाली. त्यानें पुढें पाणबुड्यांकरवीं तें तळांतून वर काढवून पुष्कळ खर्चानें दुरुस्त करविलें. उघड्या समुद्रांत लाटांचा आणि फुगाऱ्याचा प्रश्न आहे, बंदरांत तरंगत्या ओंडक्यांचा व जाळ्यांचा. ते सांगत बसत नाहीं. चौपाटीवरचें प्रात्यक्षिक डिसेंबरांत झालें, जुलैंत नव्हे, एवढें म्हणणें पुरे.

आतां ह्या विषयांतील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतों. विमान उलटल्यावर काय होतें? आपली कल्पना अशी कीं अपघातांत माणसें आदळून मरतात. पण पाण्यावरच्या ह्या अपघातांत असें पुष्कळदां घडतें कीं धक्क्यानें कोणाला फारसें लागलेलेंच नसतें. फ्लोट पोकळ असल्यामुळें विमान बुडून तळाशीं जात नाहीं. फ्लोट वर, पंख खालीं आणि माणसांची खोली पाण्याखालीं, अशा स्थितींत तें तरंगत राहतें. आंतलीं माणसें पट्ट्यांना उलटीं लटकलेलीं, नाकांत पाणी, डोळ्यांपुढें अंधार. मोकळी हवा हातभर अंतरावर असते. तें हातभर अंतर ओलांडतां येत नाहीं.

कां येत नाहीं, हें मला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. मी दहा वर्षांचा असतांना आमच्या गांवच्या खाडींत आमची लहान होडी उलटली. मी पट्टीचा पोहणारा समजला जात असें. पाण्याखालीं मीं वर हात केला तों हाताला फळी लागली. वर फळी कशी असेल? म्हणून मला वाटलें कीं हाच तळ, आणि मी जीव खाऊन विरुद्ध दिशेस पाय मारले. हात चिखलांत गेला. पुढचें मला नीट आठवत नाहीं. वडिलांनीं पायाला धरून बाहेर ओढलें. उलटें झाल्यावर वर, खालीं, डावें, उजवें हीं मनांतलीं सगळीं घरें विस्कटतात, आणि रोजच्या संवयीनें उजवीकडे असलेली दाराची कडी हात भलतीकडेच शोधीत राहतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅटर्ना बेटापाशीं २००९ च्या २९ नोव्हेंबरला एक लहान ‘बीव्हर’ विमान पाण्यावरून उडतांच पुन्हां पाण्यांत कोसळलें. आंत आठ जण होते. वैमानिक व एक प्रवासी बाहेर पडले. बाकीचे सहा, ज्यांत एक तान्हें मूल होतें, आंतच बुडून गेले. तेथील चौकशी मंडळानें त्यानंतर दोन गोष्टी आग्रहानें मागितल्या: दारें-खिडक्या धक्क्यानंतरहि चटकन् उघडतील अशा असाव्यात, आणि प्रवाशांनीं तरंगण्याचें जॅकेट आसनाखालीं न ठेवतां अंगावर घालून बसावें. २०१९ सालीं कॅनडा सरकारनें भाड्यानें चालणाऱ्या लहान जलविमानांना जॅकेट अंगावर घालण्याचा नियम केला, आणि वैमानिकांना पाण्याखालून बाहेर पडण्याचें शिक्षण सक्तीचें केलें. हें शिक्षण पोहण्याच्या तलावांत देतात. खोलीसारख्या एका सांगाड्यांत मनुष्याला पट्ट्यानें बांधून तो सांगाडा पाण्यांत उलटा करतात.

तेथें शिकवितात तो क्रम ऐकण्यासारखा आहे. हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडावयाचा नाहीं. एक हात आसनाच्या किंवा खिडकीच्या कडेला घट्ट धरावयाचा आणि तो सोडावयाचाच नाहीं. तीच आपली दिशा. दुसऱ्या हातानें दार उघडावयाचें. पट्टा सर्वांच्या शेवटीं. ऐकणाऱ्याला हें उलटें वाटतें, कारण आपल्याला आधीं सुटका हवी असते. परंतु पट्टा सोडलेला मनुष्य तरंगूं लागतो. त्याला दार ढकलावयास आधार राहत नाहीं आणि दिशा तर तत्काळ हरवते. दार लगेच उघडलें नाहीं तरी घाबरूं नये, ह्यालाहि कारण आहे. एक चौरस मीटर दारावर अर्धा मीटर पाण्याचा दाब पांचशें किलो वजनाइतका होतो. भीमालाहि तें हलणार नाहीं. खोली आंतून भरली कीं दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि तेंच दार हातानें उघडतें. जॅकेटांत हवा भरावयाची ती बाहेर आल्यावरच. १९९६ च्या नोव्हेंबरांत इथिओपियाचें पळविलेलें एक मोठें प्रवासी विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रांत उतरलें, त्या वेळीं कित्येकांनीं आंतच जॅकेटें फुगविलीं आणि पाणी चढल्यावर ते छताला जाऊन टेकले. त्यांना खालीं बुडी मारून दारापर्यंत येतां आलें नाहीं.

गेल्या वर्षीं माझा मुलगा, सूनबाई व नातू मालदीव बेटांस जाऊन आले. तेथें बेटाबेटांवर जावयाचें तें पुष्कळदां जलविमानानें. त्या विमानांना चाकें नसतात, नुसते फ्लोट असतात. परत आल्यावर त्यांनीं जेवणाच्या ताटांचे फोटोसुद्धां मला दाखविले. मीं विचारलें, विमानाच्या दाराची कडी कोणत्या बाजूस फिरते? मुलगा आणि सूनबाई एकमेकांकडे पाहूं लागलीं. नातू नऊ वर्षांचा आहे. तो मात्र दाराजवळ बसला होता व समोरच्या पाकिटांतलें चित्र त्यानें पाहिलें होतें. त्यानें आमच्या घाटकोपरच्या बैठकींत खुर्च्या ओळीनें मांडल्या, खिडकीच्या कडीला विमानाची कडी ठरविलें, मला डोळे मिटून तिसऱ्या खुर्चींत बसविलें, आणि हात न सोडतां दारापर्यंत येण्यास सांगितलें. “आजोबा, श्वास धरा,” असेंहि बजावलें. पहिल्या दोन खेपांस मला दार सांपडलें नाहीं.